नगराची दारे आणि आपली पावले

(वर्षावासात वस्तीतील कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. विहारात बोलावयाचे तर ते पंचशीलावर बोलावे, अष्टांगिक मार्गावर बोलावे. अमरावतीच्या वेशी, अकोल्याचा किल्ला, नाट्यगृह, वाचनालय, चौक आणि मैदान यांच्याविषयी विहारात काय बोलावयाचे? परंतु ज्या कुटुंबांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्यांच्याशी मला मुद्दाम याच विषयावर बोलावयाचे आहे. दीक्षेने माणसाचे मन पालटते हे खरे. तथापि, माणूस केवळ मनात राहत नाही, तो गावात राहतो. मनातील जुनी देव्हारी आपण रिकामी केली, पण गावातील जुन्या वाटांनीच आपली पावले चालत राहिली, तर ती दीक्षा अर्धी राहिली असे समजावे.

यास्तव मी आपणांस एक साधा प्रश्न विचारतो. या नगरात आपली जागा कोणती? आपल्या मुलाचे बोट धरून आपण त्याला शहर दाखवावयास निघालो, तर कोणत्या दाराशी थांबू, कोणत्या दारातून आत जाऊ, आणि कोणत्या दाराकडे पाहून मान खाली घालून पुढे जाऊ?

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. गावाला वेस होती आणि त्या वेशीवर राखण करण्याचे काम महाराकडे होते. त्याला वेसकर म्हणत. गावात कोण आला, कोण गेला, याची खबर त्याने ठेवावयाची. रात्री-अपरात्री हाक येताच त्याने धावावयाचे. सरकारी टपाल आणि सरकारी पाहुण्याचे ओझे त्यानेच वाहावयाचे. सारे गाव त्याच्या राखणीच्या भरवशावर झोपत असे. पण ज्या वेशीची त्याने राखण केली, त्या वेशीच्या आतील विहीर त्याची नव्हती, चावडीची पायरी त्याची नव्हती, देवळाचा सभामंडप त्याचा नव्हता. दाराची राखण त्याची आणि दाराच्या आतील सारे दुसऱ्याचे! आपल्या इतिहासातील ही विसंगती आपण नीट ध्यानात घ्यावी. कारण पुढे मी जे सांगणार आहे, त्याचे मूळ येथे आहे.

आता अमरावतीकडे वळू. जुन्या अमरावतीभोवती दगडी परकोट आहे. वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली असताना, १८०७ साली, पेंढाऱ्यांच्या लुटीपासून येथील धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून त्याचे बांधकाम सुरू झाले. भिंतीची उंची २० ते २६ फूट आणि घेर सुमारे सव्वादोन मैलांचा. तिला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. जवाहर दरवाजा, अंबा दरवाजा, नागपुरी दरवाजा ही नावे आपण रोज घेतो. कित्येक जण रोज त्यांच्या कमानीखालून ये-जा करतात. एका खिडकीचे नाव तर खुनारी खिडकी. १८१८ साली तिच्याजवळ झालेल्या चकमकीत ७०० माणसे कामास आली, म्हणून हे नाव पडले असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे.

ही भिंत डोळ्यांना दिसते. पेंढारी गेले, निजामाचा अंमल गेला, इंग्रजही गेला, आणि दरवाज्यांना पहारेकरी उरले नाहीत. आज त्या दारांतून कोणीही जातो, कोणीही येतो. पण दगडाच्या या भिंतीच्या आत आणि बाहेर दुसरीही एक भिंत होती. ती गवंड्याने बांधलेली नव्हती. तिची उंची फुटांत मोजता येत नव्हती. ती पाडण्याचा जो पहिला मोठा प्रयत्न या नगरात झाला, तो एका देवळाच्या निमित्ताने आणि एका नाट्यगृहाच्या छपराखाली झाला. ही हकिकत आपल्या प्रत्येक घरात मुलांना सांगितली गेली पाहिजे.

वर्ष १९२७. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात, २० तारखेस, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. डिसेंबरच्या २५ तारखेस महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन तारखा आपणांस पाठ आहेत. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तारीख आपल्या वऱ्हाडची आहे, आणि तिचा विसर आपल्याच लोकांना पडतो. ती तारीख १३ नोव्हेंबर १९२७. अमरावतीचे अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे यासाठी सत्याग्रह करण्याचा विचार चालू होता. त्यासाठी वऱ्हाडातील अस्पृश्य बांधवांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. ती परिषद भरली कोठे? अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात!

हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. देवळाचे दार बंद होते, तेव्हा नाट्यगृहाचे दार आपल्यासाठी उघडले. ज्या रंगमंचावर रंग लावून राजे-राण्यांची सोंगे यावयाची, त्या मंचावर त्या दिवशी सोंग नव्हते. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे त्या सभागृहात सभासद म्हणून बसली. ठराव मांडले गेले, त्यांवर बोलणे झाले, मते दिली गेली. गावच्या चावडीवर ज्यांनी आजवर उभे राहून हुकूम ऐकले, ते येथे बसून निर्णय करीत होते. देवळाच्या पंचांना विचार करण्यास अवसर द्यावा म्हणून सत्याग्रह तूर्त पुढे ढकलण्याचे ठरले. स्पृश्य समाजातील काही उदारमतवादी मंडळीही या लढ्यात आपल्या बाजूस उभी होती, त्यांत डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव प्रमुख आहे. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करण्यासाठी झटून काम केले. माणसाने जातीने नव्हे तर न्यायाने बाजू निवडावी, याचे ते उदाहरण आहे. आणि ज्याने साथ दिली त्याचे नाव कृतज्ञतेने घेणे हे बौद्धाचे शील आहे.

त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांना त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता कळली. आदल्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, मुंबईस त्यांचा अंत झाला होता. घरात मृत्यू आणि समोर समाजाचे काम, अशा स्थितीत तो माणूस अमरावतीच्या त्या नाट्यगृहात उभा होता. जेव्हा आपणांस वाटेल की आज अंगात बरे नाही, आज घरी पाहुणे आहेत, आज सभेस जावयास नको, तेव्हा एवढे आठवावे.

आता कोणी विचारील, आपण तर बौद्ध झालो. मग देवळाचे दार उघडले काय आणि मिटले काय, आपणांस त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनीही पुढे मंदिरप्रवेशाचा नाद सोडला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. पण १९२७ च्या लढ्याचा गाभा देवदर्शन हा नव्हताच. सार्वजनिक म्हणविणारी जागा खरोखर सर्व जनांची आहे की नाही, हा तो प्रश्न होता. देवळाचा प्रश्न आपल्यापुरता मिटला असेल. जागेचा प्रश्न मिटलेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात कसे उतरत गेले तेही पाहा. मुंबई इलाख्यात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात असे त्यात म्हटले होते. परंतु वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, ते मध्यप्रांताशी जोडलेले होते. म्हणून त्या ठरावाचा आपणांस आधार नव्हता. येथे कायदा झाला तो १९४७ साली. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने त्या वर्षी अनुसूचित जातींवरील सामाजिक निर्बंध दूर करण्याचा एक कायदा केला आणि मंदिरप्रवेशाचा दुसरा. त्यानंतर २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली.

घटनेचे सतरावे कलम आपण सर्व जाणतो. त्याने अस्पृश्यता नष्ट केली. पण पंधराव्या कलमाचा दुसरा भाग किती जणांनी वाचला आहे? त्यात जागांची यादीच दिली आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची स्थाने. तसेच सरकारी पैशाने, पूर्णतः वा अंशतः, चालविलेल्या किंवा सर्व जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कोणासही या जागांपासून दूर ठेवता येणार नाही. बंधूंनो, सार्वजनिक करमणुकीचे स्थान म्हणजे काय? नाट्यगृह! १९२७ साली बाबासाहेब अमरावतीच्या नाट्यगृहात अध्यक्ष म्हणून बसले. आणि ज्या घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्या घटनेने नाट्यगृहाचे दार कायमचे सर्वांचे केले.

यापुढे १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम आला. १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले आणि शिक्षा कडक झाल्या. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास दुकानात, उपाहारगृहात, पाणवठ्यावर, धर्मशाळेत वा करमणुकीच्या स्थानी अटकाव केला, तर किमान १ महिना आणि कमाल ६ महिने कैद, शिवाय दंड, अशी तरतूद त्यात आहे. नवदीक्षित कुटुंबांच्या मनात एक भीती नेहमी असते, की धर्म बदलला म्हणजे हक्क गेले. ही भीती आज निराधार आहे. १९९० साली अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्ध धर्म स्वीकारणाऱ्या अनुसूचित जातीच्या माणसाचा तो दर्जा कायम राहिला. कागदपत्रे नीट ठेवा. भीती ठेवू नका.

परंतु कायदा दार उघडतो, आत पाऊल टाकावयाचे ते आपणांसच. आता मी आजच्या नगरात येतो.

अमरावतीस इर्विन चौक आहे. लॉर्ड आयर्विन या इंग्रज व्हाइसरॉयच्या नावाचे इस्पितळ तेथे झाले, म्हणून चौकास ते नाव पडले. इंग्रजी अमलाची ती खूण. आज त्या चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि १४ एप्रिलला तेथे जो जनसागर लोटतो तो आपण डोळ्यांनी पाहतोच. नाव व्हाइसरॉयचे राहिले, पण चौक कोणाच्या ओढीने भरतो हे सांगावयास नको. जागा अशी आपली होते. पाटी बदलण्याची वाट पाहत बसावे लागत नाही. लोकांनी त्या जागेला जो अर्थ दिला, तोच तिचा अर्थ ठरतो.

पण पुतळ्यापाशी एक दिवस जमून भागत नाही. याच अमरावतीतील फ्रेजरपुरा ही वस्ती घ्या. तेथे किल्ला नाही, राजवाडा नाही. कोणी प्रवासी ती पाहावयास येत नाही. पण तेथे नगरपालिकेची मराठी शाळा होती. २४ नोव्हेंबर १९६० रोजी अमरावतीत जन्मलेला एक मुलगा त्या शाळेत शिकला. १४ मे २०२५ रोजी तो भारताचा सरन्यायाधीश झाला. न्यायमूर्ती भूषण गवई हे त्या पदावर बसलेले पहिले बौद्ध होत. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी ते निवृत्त झाले. त्यांचे वडील रा. सू. गवई हे चळवळीतील मोठे पुढारी होते, हे खरे. पण पुढाऱ्याच्या मुलानेही धुळाक्षरे गिरविली ती वस्तीतल्या नगरपालिकेच्या शाळेत. म्हणून मी म्हणतो, मुलांना परकोटाचे दरवाजे दाखवा आणि तसाच फ्रेजरपुराही दाखवा. नगराचे खरे स्मारक दगडाचेच असते असे नाही. जेथून माणसे घडून निघाली, ती जागा स्मारकच होय.

अमरावतीचे आणखी एक स्थान सांगतो. गाडगेनगरात संत गाडगेबाबांची समाधी आहे. शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या या परीट समाजातील पुरुषाने आयुष्यभर खराटा हाती धरला, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, अमरावतीजवळ देह ठेवला. त्यांनी लोकांकडून पैसा जमविला, पण त्याचे देऊळ उभारले नाही. धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रे चालविली, रुग्णांच्या नातेवाइकांना निवारा दिला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याने आपली वास्तू विद्येच्या हाती दिली. जागा कशासाठी बांधावी, आणि बांधून झाली की ती कोणाच्या हाती द्यावी, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्यात आहे.

आता अकोल्यास चलावे. बडनेऱ्याहून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की मूर्तिजापूर मागे टाकून आपण अकोल्यास पोहोचतो. मोर्णा नदीच्या काठी असदगड किल्ला आहे. औरंगजेबाच्या काळातील सरदार असदखान याच्या नावाने तो ओळखला जातो. दहीहांडा वेस, अगर वेस ही नावे त्या काळची आठवण ठेवून आहेत. अमरावतीप्रमाणे येथेही भिंत उरली, पहारा गेला.

पण अकोल्याचे ज्या स्थळाशी आपले नाते जडले आहे, ते किल्ल्याहून वेगळे. शहरात अशोक वाटिका आहे. ज्या सम्राटाने युद्धाचा मार्ग टाकून धम्माचा मार्ग धरला त्याचे नाव त्या वाटिकेस आहे. बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून कित्येक मिरवणुका आणि मोर्चे तेथूनच निघतात. आणि दरवर्षी विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी क्रिकेट क्लबच्या मैदानावर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मेळावा भरतो. बैलगाडीची जागा ट्रॅक्टरने आणि ट्रकने घेतली, पण खेड्याखेड्यांतून शुभ्र वस्त्रे परिधान करून येणारी कुटुंबे तशीच येतात. एका दिवसापुरते ते खेळाचे मैदान सभागृह होते, ग्रंथभांडार होते, भोजनगृह होते. कित्येक घरांत वर्षातून पुस्तक विकत घेतले जाते ते याच दिवशी.

हे सर्व गौरवाचे आहे. परंतु मी येथे केवळ गौरव करावयास उभा नाही. मेळाव्याचा दिवस एक, आणि वर्षाचे दिवस ३६५. उरलेल्या ३६४ दिवशी आपली पावले कोठे जातात?

अकोल्यात बाबूजी देशमुख वाचनालय आहे. त्याची स्थापना १८६० सालची. ज्या काळी आपल्या आजोबांच्या आजोबांना अक्षर शिकण्याची मनाई होती, त्या काळापासून ते ग्रंथ जमवीत आले आहे. १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळू लागले. अनुदान म्हणजे आपण भरलेल्या कराचा पैसा. ज्या वाचनालयाच्या कपाटात आपला पैसा आहे, त्या वाचनालयात आपल्या वस्तीतील किती कुटुंबांची वर्गणी आहे? अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह, अमरावतीचे संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन, येथे नाटके होतात, गाण्याच्या बैठका होतात, व्याख्याने होतात. आपल्यापैकी किती जण आपल्या पत्नीस, आईस, मुलीस घेऊन तेथे गेले आहेत? ‘ते आपल्यासारख्यांचे नाही’ असे एक वाक्य आपल्या घराघरांत अजून बोलले जाते. हे वाक्य कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. ते आपल्या मनाच्या वेशीवर बसलेला जुना वेसकर बोलतो. त्याला आता सेवानिवृत्त करा!

कवी सुरेश भट हे अमरावतीचे. १५ एप्रिल १९३२ रोजी तेथे त्यांचा जन्म झाला. मराठी गझलेचा एवढा मोठा कवी, जन्माने ब्राह्मण. त्यांनी उत्तरायुष्यात बौद्ध धम्म स्वीकारला. आज नागपूरचे भव्य सभागृह त्यांच्या नावाने उभे आहे. काव्य, नाट्य, संगीत ही परक्यांची मिरास आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानी घ्यावे. आणि आपल्या जलशांनी, आपल्या भीमगीतांनी वस्तीच्या ओट्यावर, कंदिलाच्या उजेडात जे प्रबोधन केले, तेही कलेच्याच दरबारातील आहे. ते ओट्यावरून सभागृहात गेले पाहिजे, आणि सभागृहातील चांगले ते ओट्यावर आले पाहिजे.

येथे एका अडचणीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. आज कोणी दारात हात आडवा करीत नाही. आज आडनाव विचारले जाते. कार्यक्रमासाठी सभागृह हवे म्हटले की तारीख रिकामी नसते; दुसऱ्या नावाने विचारले की तीच तारीख रिकामी होते. अशा वेळी भांडणाने काही हाती लागत नाही, आणि गप्प बसण्यानेही लागत नाही. अर्ज लेखी द्या. त्याची पोच घ्या. नकार दिला तर तो लेखी मागा. सभागृह नगरपालिकेचे वा महापालिकेचे असेल, तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने आरक्षणाच्या नोंदवहीची प्रत मागा. शांतपणे दिलेला एक लेखी अर्ज दहा घोषणांचे काम करतो. बाबासाहेबांनी आपणांस घटना दिली ती पूजेसाठी नव्हे, वापरण्यासाठी.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती आपल्या स्वतःच्या जागेची, म्हणजे वस्तीतील विहाराची.

विहार या मातीला नवा नाही. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातील साळबर्डी येथे, अकोला जिल्ह्यात पातूर येथे खडकात कोरलेली लेणी आहेत. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेच्या काठी भोन येथे उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष निघाले, आणि जिगाव धरणाच्या पाण्याचा धोका त्या जागेवर आला. म्हणजे वऱ्हाडात बुद्धाची वाट बुजली होती, ती नव्हती असे नाही. आपण ती पुन्हा मोकळी करीत आहोत.

पण आपल्या वस्तीतील विहाराकडे पाहा. पै पै जमवून, बायाबापड्यांनी रोजमजुरीतून वर्गणी देऊन, तरुणांनी स्वतः विटा वाहून तो बांधला. आणि बांधून झाल्यावर? बुद्धपौर्णिमेला, १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, विजयादशमीला तो उघडतो. एरवी दाराला कुलूप, आणि किल्ली कोणा एकाच्या घरी. देवळाच्या बंद दारापुढे ज्यांनी पिढ्यान्पिढ्या अपमान सोसला, त्यांनीच आपल्या विहाराला कुलूप लावून ठेवावे, हे कसे? ज्या घरात अभ्यासाला कोपरा नाही त्या मुलासाठी विहाराचे दार रोज संध्याकाळी दोन तास उघडे असावे. एक दिवा, एक सतरंजी, एक कपाटभर पुस्तके, आणि पाळीपाळीने बसणारा एक शिकलेला मोठा माणूस. यापेक्षा अधिक काही लागत नाही. किल्ली एकाच घरी न ठेवता आठवड्याने पाळी फिरवावी. आणि व्यवस्थापनात स्त्रियांना निम्मी जागा द्यावी. कारण वर्गणी गोळा करताना त्या पुढे असतात आणि हिशेबाच्या वेळी मात्र मागे बसविल्या जातात.

हिशेबाचा विषय निघालाच आहे, तर जमिनीचा कागदही पाहा. कित्येक विहार नझुलाच्या जागेवर, ले-आउटच्या मोकळ्या जागेवर उभे आहेत. जागा कोणाच्या नावाने आहे, हे समितीतील एकालाही सांगता येत नाही. सार्वजनिक जागांवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला आहे. तो सर्व धर्मांना सारखाच लागू आहे. म्हणून नवा विहार बांधावयाचा तर आधी जागेचा कागद, मग पायाचा दगड. संस्था धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवा, दरवर्षी हिशेब तपासून घ्या, आणि तो विहाराच्या भिंतीवर लावा. उद्या कोणी येऊन ही जागा तुमची कशावरून असे विचारले, तर श्रद्धा दाखवून चालत नाही, कागद दाखवावा लागतो.

आणि एक कठीण प्रश्न. आपल्या विहाराचे दार कोणासाठी उघडे आहे? शेजारच्या मातंग वस्तीतील मूल आपल्या अभ्यासिकेत आले तर त्याला बसावयास जागा मिळते काय? मुसलमान शेजाऱ्याची मुलगी पुस्तक मागावयास आली, ओबीसी समाजातील एखादी बाई व्याख्यान ऐकावयास आली, तर आपण त्यांना सतरंजीवर पुढे बसवितो की दाराशी उभे ठेवतो? बंद दाराचे दुःख काय असते हे या देशात आपल्याइतके कोणासच ठाऊक नाही. म्हणून उघड्या दाराची जबाबदारीही सर्वांत अधिक आपल्यावर आहे. तथागतांच्या संघात उपाली न्हावी आला, सुनीत भंगी आला, राजपुत्रही आले. आणि समुद्रास मिळालेल्या नद्यांप्रमाणे त्यांची वेगळी नावे उरली नाहीत. ज्या दिवशी आपला विहार अशा रीतीने साऱ्या मोहल्ल्याचा होईल, त्या दिवशी इंद्रभुवनातील त्या परिषदेचे कार्य आपण एक पाऊल पुढे नेले असे होईल.

तेव्हा माझी आपणांस एवढीच विनंती आहे. येत्या रविवारी मुलांना घेऊन निघा. परकोटाचा दरवाजा दाखवा आणि आपला वेसकर आजा कोठे उभा असे ते सांगा. १३ नोव्हेंबर १९२७ ही तारीख त्यांच्याकडून वहीत लिहवून घ्या. वाचनालयात जाऊन घराच्या नावाने वर्गणी भरा. सभागृहात एखादे चांगले नाटक लागले असेल तर सहकुटुंब पाहा, आणि तिकीट ज्या रांगेचे असेल त्या रांगेत ताठ बसा. परत येताना विहाराची किल्ली ज्याच्या घरी असेल त्याच्याकडून मागून घ्या, दार उघडा, दिवा लावा आणि मुलांना अभ्यासास बसवा. एका रविवारी एवढे झाले, तर दुसऱ्या रविवारी ते सांगावे लागणार नाही.



जय भीम!